मदतीचा ट्रक फाट्यावरच का रिकामा होतो? किल्लारी, भूज आणि गडचिरोलीनं शिकवलेलं

विशेष विश्लेषण

पूर ओसरला की दोन-तीन दिवसांत मदतीचे ट्रक यायला लागतात. बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, चादरी, तांदळाच्या पिशव्या आणि जुन्या कपड्यांची गाठोडी. डांबरी रस्त्याला लागून असलेल्या गावात ट्रक आधी पोचतो, तिथेच उतरवला जातो, तिथेच फोटो निघतात. ज्या वस्तीचा रस्ता खचलाय, ज्या पुलावर अजून पाणी आहे, तिथली माणसं फाट्यावर येऊन उभी राहतात. एका घरात सहा चादरी जातात, दुसऱ्या घरात एकही नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या काठानं हे बघितलं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना आणि मांजरा नद्यांच्या काठावरच्या गावांनीही बघितलं. दोन्ही वेळा माणुसकी कमी पडली नाही. शाळेतल्या पोरांनी डबे फोडून पैसे दिले, बचत गटांनी भाकरी थापून पाठवल्या, गणेश मंडळांनी वर्गणी वळवली. प्रश्न देणाऱ्यांच्या मनाचा नाहीच. प्रश्न आहे तो एवढाच, की दिलेल्या रुपयातून नेमकं काय झालं? हा प्रश्न विचारला की काही लोकांना राग येतो. "दान मोजायचं नसतं," असं म्हणतात. पण ज्याचं घर पाण्यात गेलंय त्याच्यासाठी हे मोजणं गरजेचं आहे. कारण पैसा आणि हात दोन्ही मर्यादित असतात. एका ठिकाणी वाया गेलेली मदत दुसऱ्या ठिकाणी पोचलेली नसते.

रस्त्यावर पडलेले कपडे

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तामिळनाडूचा नागपट्टणम जिल्हा सगळ्यात जास्त उद्ध्वस्त झाला. एकट्या त्या जिल्ह्यात सहा हजारांहून जास्त माणसं गेली. देशभरातून मदत आली आणि त्यात कपडे एवढे आले, की रस्त्याच्या कडेला त्यांचे ढीग लागले. मासेमारी करून स्वतःच्या कमाईवर जगणाऱ्या लोकांना कुणाचे तरी वापरलेले, फाटके कपडे अंगावर घालायचे नव्हते. ते ढीग उचलणं, निवडणं, साठवणं हेच एक वेगळं काम होऊन बसलं. दिल्लीच्या 'गूंज' संस्थेनं तिथले लाखो कपडे गोळा करून, वर्गवारी करून वापरात आणले. 'गूंज'चे अंशू गुप्ता यांना पुढे २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

जुने कपडे पाठवणं फुकट वाटतं, पण फुकट नसतं. ट्रकचं भाडं, डिझेल, चढवा-उतरवायची मजुरी, निवडणाऱ्यांचे दिवस आणि पूरग्रस्त भागातल्या एकमेव चालू रस्त्यावरची जागा, एवढा खर्च त्यावर होतो. त्याच भाड्याच्या पैशात जनावरांसाठी चारा किंवा विहीर उपसायला पंप आला असता.

नागपट्टणममध्ये आणखी एक गोष्ट झाली, ती मात्र घेण्यासारखी आहे. जिल्हा प्रशासनासोबत काम करणारं संस्थांचं एक समन्वय केंद्र उभं राहिलं. कोणती संस्था कोणत्या गावात आहे, कुठे काय पोचलं, कुठे काहीच नाही, हे एका जागी कळायला लागलं. ही साधी नोंद नसली की ट्रक ड्रायव्हर रस्ता चांगला असेल तिथेच जाणार. त्यात त्याचा दोष नाही.

किल्लारी: घरं मिळाली, आळी मोडली

मराठवाड्याला हा धडा आधीच मिळाला होता. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. चारच्या सुमाराला लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा हादरला. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. घरंच अंगावर आली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. किल्लारी, सास्तूर ही नावं देशाला माहीत झाली.

त्यानंतर राज्य सरकार, जागतिक बँक आणि देशभरातल्या दानशूर संस्थांनी मिळून पुनर्वसनाचं मोठं काम केलं. पन्नासच्या वर गावं नव्या जागी वसवली गेली. घराचं आकारमान जमिनीवर ठरलं. भूमिहीनाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, जास्त जमीन असणाऱ्याला ७५०. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, भूकंपात टिकतील अशी घरं. कागदावर सगळं नेटकं होतं.

राहायला गेल्यावर अडचणी कळल्या. गोठा कुठे बांधायचा? कडबा कुठे रचायचा? चूल घरात पेटवली तर धूर कुठून जाणार? स्लॅबच्या घरात उन्हाळ्यात दुपारी बसवेना. गावठाण कितीतरी पटीनं पसरलं, शेत लांब पडलं आणि दिवाबत्ती, पाणी, रस्ते सांभाळणं ग्रामपंचायतीला झेपेना. ज्या आळीत पिढ्यानपिढ्या एकमेकांच्या दारात उठबस होती, ती आळी प्लॉटच्या नंबरात विखुरली. लातूर जिल्ह्यातल्या गुबाळमध्ये तर घुमटाच्या आकाराची घरं बांधून दिली गेली. गोल भिंतीला कपाट कसं लावायचं आणि पोराचं लग्न झालं की खोली कुठे वाढवायची, हे ते घर आखणाऱ्यांनी गावाला विचारलं असतं तर कदाचित दुसराच नकाशा झाला असता. नव्या घरांशेजारी लोकांनी पत्र्याची शेडं टाकली आणि संसार तिकडे हलवला, असं अनेक गावांत दिसलं.

ही मदत वाईट होती असं म्हणणं खोटं ठरेल. ज्यांचं सगळं गेलं त्यांना पक्कं छप्पर मिळालं, शाळा झाल्या, रस्ते झाले. पण तेवढ्याच पैशात जास्त सुख देता आलं असतं, हेही खरं.

याचा पुरावा त्याच कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागात आहे. ज्या गावांत घरं पूर्ण पडली नव्हती, तिथे दीड लाखाहून जास्त घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचं काम घरमालकांनीच करायचं ठरलं. पैसे हप्त्यानं मिळणार, काम झालेलं दाखवायचं, मग पुढचा हप्ता. गवंडी कोण, दगड कुठला, ओटा ठेवायचा की नाही, हे घरच्यांनी ठरवायचं. लोकांना नियम समजावून सांगायला 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साथीनं शेकडो गावांत महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. भिंतीत आडवे दगड कसे घालायचे, सिमेंट किती, हे त्या बायकांनी शिकून घेतलं आणि शेजारणीला सांगितलं.

भूजनं किल्लारीकडून काय घेतलं

२६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरला. गुजरात सरकारपुढे किल्लारीचा अनुभव होता. गावं उचलून दुसरीकडे न्यायची की लोकांना जागेवरच बांधू द्यायचं? सरसकट स्थलांतराला बहुतेक गावांनी नकार दिला. मग घरमालकाच्या बँक खात्यात टप्प्याटप्प्यानं पैसे, सोबत इंजिनिअरची तपासणी आणि गवंड्यांना प्रशिक्षण, असा मार्ग निवडला गेला. दोन लाखांच्या आसपास घरं उभी राहिली. मराठवाड्यातल्या त्या बायका कच्छमध्ये जाऊन तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या. भूकंप भोगलेल्या बाईनं भूकंपग्रस्त बाईला सांगितलेलं लवकर पटतं.

यातून एक गोष्ट साफ होते. घर कसं हवं हे ज्याला राहायचंय त्याला विचारलं आणि पैसा त्याच्या हातात दिला, तर तांत्रिक सल्ला सोबत असताना काम चांगलं होतं. नुसता पैसा पुरत नाही आणि नुसती देखरेखही पुरत नाही. दोन्ही एकत्र लागतात.

"रोख दिली तर दारूत जाईल"

पैसे हातात द्यायचं म्हटलं की पारावर पहिली शंका हीच निघते. शंका खोटी नाही, प्रत्येक गावात एखादं उदाहरण असतंच. पण एका उदाहरणावरून शंभर घरांचा निकाल लावता येत नाही. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी वेगवेगळ्या देशांतल्या रोख मदतीचे १९ अभ्यास एकत्र तपासले. रोख मिळाल्यामुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला, असं त्यात दिसलं नाही.

आपल्या शेजारचं उदाहरण मध्य प्रदेशचं. 'सेवा' संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं २०११-१२ मध्ये काही गावांत प्रत्येक प्रौढ माणसाला महिन्याला आधी २०० आणि नंतर ३०० रुपये, मुलांना त्याच्या निम्मे, अशी रक्कम विनाअट दिली. सोबत ज्यांना पैसे दिले नाहीत अशी गावंही अभ्यासासाठी धरली. पैसे मिळालेल्या गावांत मुलांचं खाणं सुधारलं, शाळेवरचा खर्च वाढला, लोकांनी शेळ्या, बियाणं, अवजारं यात पैसे घातले.

अर्थात रोख रक्कम प्रत्येक वेळी कामाची नसते. गाव पाण्यानं वेढलेलं असताना, दुकान बंद असताना, हातात नोटा असून काही मिळत नाही. तेव्हा शिजलेलं अन्न, पिण्याचं पाणी, औषधं आणि चाराच लागतो. रस्ता सुरू झाला, किराणा उघडला, बाजार भरायला लागला की मात्र वस्तूंचे ट्रक थांबवून पैसे द्यायला हवेत. नाहीतर फुकटच्या तांदळानं गावातल्याच दुकानदाराचा धंदा बसतो आणि तोही पूरग्रस्तच असतो.

गडचिरोली: आधी मोजलं, मग केलं

मदतीचं मोजमाप कसं करायचं याचा सगळ्यात चांगला धडा महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' संस्था सुरू केली. त्यांनी आधी इमारत, मशीन मागितलं नाही. गावात किती बाळं जन्मतात, किती दगावतात आणि कशानं दगावतात, याची नोंद घ्यायला सुरुवात केली. बाळंतपणं तेव्हा घरीच व्हायची. बाळ आजारी पडलं तरी दवाखाना लांब, वाहन नाही आणि बाळंतिणीला बाहेर काढायची रीत नाही.

मग त्यांनी गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना तयार केलं. बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, श्वास मोजायचे, ऊब द्यायची, दूध नीट पाजायला शिकवायचं आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर इंजेक्शनही द्यायचं. ३९ गावांत हे काम केलं आणि ४७ गावांत फक्त जन्म-मृत्यूची नोंद ठेवली. तिसऱ्या वर्षी तुलना केली तेव्हा नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला.

तुलनेची गावं कशाला, असं कुणी विचारेल. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. नवं बियाणं पेरताना जुन्या वाणाचे दोन-चार तास शेजारी ठेवतात. पीक चांगलं आलं ते बियाण्यामुळे की पाऊस चांगला झाला म्हणून, हे त्याशिवाय कळत नाही. मदतीचंही तसंच. एखाद्या संस्थेनं तीन वर्षं काम केलं आणि गाव सुधारलं, पण त्याच काळात शेजारच्या गावातही तेवढीच सुधारणा झाली असेल, तर श्रेय रस्त्याचं असू शकतं, पावसाचं असू शकतं.

हे मोजलं म्हणून ते काम गडचिरोलीपुरतं राहिलं नाही. २०११ पासून देशभरात आशाताईंकडे 'घरच्या घरी नवजात बालकाची काळजी' हे काम आलं. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताईनं यायचं असतं. त्या सहा भेटींची मुळं गडचिरोलीतल्या या ३९ गावांत आहेत.

पुराआधीचा रुपया

८ ऑगस्ट २०१९. सांगली जिल्ह्यातलं पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ. पाण्यानं वेढलेल्या गावातून लोकांना बाहेर काढताना नाव उलटली आणि डझनाहून जास्त माणसं बुडाली. त्यानंतर मदत आली, भेटी झाल्या. पण आधीच पुरेशा नावा असत्या, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट असतं, पाणी चढायच्या आधीच म्हातारी माणसं आणि बाया-पोरं उंचावर गेली असती, तर कितीजण वाचले असते?

आधीच्या तयारीला वर्गणी मिळत नाही, ही खरी अडचण आहे. कोरड्या नदीकाठी उभं राहून लाइफ जॅकेट घेतलेल्याचा फोटो कोण बघणार? दुःख दिसलं की हात खिशाकडे जातो, हा माणसाचा स्वभाव आहे. पण पुरानंतरच्या शंभर चादरींपेक्षा पुराआधीच्या दहा जॅकेटांनी जास्त जीव वाचू शकतात, हे देणाऱ्यानं आणि गावानं दोघांनीही समजून घ्यायला हवं.

सरकारी यादीत ज्याचं नाव नाही

सरकारची नुकसानभरपाई प्रामुख्यानं पंचनाम्यावर आणि सातबाऱ्यावर चालते. ज्याच्या नावावर जमीन, त्याला पिकाची भरपाई. बटाईनं करणारा, ज्यानं बी-खत स्वतःच्या खिशातून घातलं, तो बऱ्याचदा कागदावर नसतो. शेतमजुराचं पीक गेलेलं नसतं, पण पुढच्या दोन महिन्यांची मजुरी गेलेली असते. त्याचा पंचनामा कुठल्या रकान्यात करणार? नवऱ्यामागे जमीन नावावर न झालेली बाई, गावाबाहेर पाल टाकलेलं कुटुंब, मेंढरं घेऊन आलेले मेंढपाळ, यांचंही तसंच.

लोकवर्गणीचा पैसा सगळ्यात उपयोगी ठरतो तो इथेच. जिथे सरकारी मदत पोचणारच आहे तिथे आणखी भर घालण्यापेक्षा जिथे काहीच पोचणार नाही तिथे दिलेले हजार रुपये मोठे असतात. सरकारवरचा दबाव मात्र कमी व्हायला नको. दानशूर आलेत म्हणून भरपाईचा हक्क सोडायचा नसतो.

मोजमापाचीही मर्यादा आहे

सगळंच आकड्यात बसत नाही, हेही मान्य करायला हवं. एकट्या म्हातारीशी रोज अर्धा तास बोलणाऱ्या कार्यकर्त्याचं काम कुठल्या तक्त्यात लिहायचं? फक्त मोजता येतं तेच करायचं ठरवलं तर कठीण आणि दूरची गावं सुटतात, कारण तिथे खर्च जास्त आणि आकडे कमी. मेळघाटातल्या पाड्यावर एका घरापर्यंत पोचायला जे लागतं, त्यात हमरस्त्यावरची दहा घरं होतात. म्हणून त्या पाड्याला सोडून द्यायचं का? अर्थातच नाही.

आणखी एक गैरसमज काढायला हवा. "आमचा कार्यालयीन खर्च शून्य, सगळा पैसा गरिबाला," असं सांगणारी संस्था चांगलीच असते असं नाही. यादी करायला, नोंद ठेवायला, सहा महिन्यांनी परत जाऊन बघायला माणूस लागतो आणि त्याला पगार लागतो. तो खर्च वाचवला की ट्रक परत फाट्यावरच रिकामा होतो.

गावानं काय करायचं?

मोठ्या संस्थांनी सुधारायची वाट बघायची गरज नाही. पुढचा पावसाळा यायच्या आधी ग्रामसभेत एका बैठकीत होण्यासारखी कामं आहेत.

१. वस्तीनिहाय यादी तयार ठेवा. एकटे राहणारे वृद्ध, अपंग, गरोदर बाया, तान्ही बाळं, बटाईदार, मजूर आणि बाहेरून आलेली कुटुंबं यात हवीत. ही यादी ग्रामपंचायत अधिकारी, आशाताई आणि अंगणवाडीताई मिळून करू शकतात. आजार किंवा घरगुती माहिती मात्र ग्रुपवर टाकू नका.

२. मदत घ्यायला गावाचा एकच माणूस आणि एकच वही ठरवा. काय आलं, कुणाला दिलं, किती उरलं, हे लिहा आणि पंचायतीच्या फलकावर लावा. बचत गटातली बाई हे काम चोख करते, कारण तिला हिशेब ठेवायची सवय असते.

३. फोन आला की "काहीही पाठवा" म्हणू नका. नेमकं सांगा: चारा इतका, पंप एक, सॅनिटरी पॅड इतके, तांदूळ नको. जादा आलं तर शेजारच्या आतल्या गावाला पुढे पाठवा.

४. मदतीला महिना झाला की दहा घरी जाऊन विचारा. काय कामाला आलं, काय पडून राहिलं? ते देणाऱ्याला कळवा. ऐकायला कडू लागेल, पण पुढच्या वेळी ट्रकमध्ये योग्य माल येईल.

देणाऱ्यांसाठीही तीनच प्रश्न पुरेसे आहेत. ज्याला द्यायचंय त्याला विचारलं का? इथे आधी कुणी पोचलंय का? आणि सहा महिन्यांनी बघायला कुणी जाणार आहे का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर ट्रक भरायच्या आधी एक फोन करावा.

किल्लारीला तीस वर्षं उलटून गेली. नव्या गावठाणातली पत्र्याची शेडं त्या न विचारलेल्या प्रश्नाची आठवण म्हणून उभी राहिली. पुढचा पूर येईल तेव्हा मन मोठं असलेली माणसं पुन्हा निघतीलच. त्यांना फाट्याच्या पुढचा रस्ता दाखवायला गावाकडे यादी तयार हवी.